आज ढ कोण?

आमच्या बालवाडीत कुठल्याही मुलाला ‘ढ’ म्हणायचं नाही, असा नियम होता. तो शब्द आम्ही बायकांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता. रोज सकाळी मुलं यायच्या आधी आमच्यापैकी एकीला त्या दिवसाची ढ व्हावं लागे, आणि खरं सांगते, तो मान मिळावा म्हणून आमच्यात चढाओढ चालायची.

बालवाडी मीरा रोडजवळ नवघरला, एका इमारतीच्या तळमजल्यावर. दोन गाळे मधली भिंत पाडून एक केलेत. एका बाजूला इस्त्रीवाला, दुसऱ्या बाजूला फरसाणवाला, त्यामुळे प्रार्थना चालू असताना फाफड्याचा वास येतो आणि डोळे मिटलेली मुलंसुद्धा जिभल्या चाटतात. शिकवायला आम्ही दोघी. एक मी, लालबागची खोली विकून मीरा रोडला आलेल्या शेकडो कुटुंबांतल्या एका कुटुंबातली. माझा स्वभाव तापट. रिक्षावाल्याशी, बँकेतल्या कारकुनाशी, वेळ आली तर देवाशीसुद्धा भांडणारा. पण तीन वर्षांच्या माणसाशी भांडण मला आजवर जमलेलं नाही. दुसरी टीचर उत्तनची. ख्रिश्चन, कोळीवाड्यातली, नवरा बोटीवर, दोन्ही मुलं आखातात, घरी अंथरुणाला खिळलेली सासू. तिला आम्ही नुसतं उत्तनवाली म्हणायचो. आणि तिसऱ्या आमच्या मावशी, राई गावच्या. मुलांची शी-शू, डबे, पाणी, रडारड हे सगळं खातं त्यांच्याकडे.

हा ढपणा सुरू झाला तो एका खऱ्याखुऱ्या चुकीतून. जूनचा पहिला आठवडा होता. बालवाडीतला जूनचा पहिला आठवडा ज्याने बघितलाय त्याला मी जास्त सांगायला नको. दारात पंचवीस मुलं एका सुरात रडतात आणि बाहेर पंचवीस आया रुमाल चावत उभ्या असतात. त्यातला एक मुलगा तर ग्रिल सोडायलाच तयार नव्हता. मी कविता म्हटली, मावशींनी बिस्किट दाखवलं, काही उपयोग नाही. तेवढ्यात उत्तनवाली धापा टाकत आली. सासूला उलट्या होत होत्या म्हणून बस चुकलेली. घाईत तिने एका पायात स्वतःची चप्पल घातली होती आणि दुसऱ्या पायात नवऱ्याची, नऊ नंबरची, निळी रबरी.

मुलगा रडता रडता थांबला. पायाकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे.

“टीचर, ये गलत है,” तो म्हणाला.

“काय गलत हाय?” उत्तनवालीला खरंच कळलं नव्हतं.

“चप्पल!”

तिने खाली बघितलं आणि अशी हसत सुटली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मुलाने ग्रिल सोडलं. तो तिच्याजवळ गेला, उकिडवा बसला आणि दोन्ही चपला काढून घेऊन तिला समजावू लागला की दोन पायांत एकसारख्या चपला घालायच्या असतात. फार गंभीरपणे समजावत होता. त्याला घरी हेच कोणीतरी सकाळ-संध्याकाळ ऐकवत असणार. आता ऐकवायची पाळी त्याची आली होती आणि समोर चक्क टीचर होती. त्या दिवशी तो रडला नाही. दुसऱ्या दिवशी आला तो थेट उत्तनवालीच्या पायांकडे बघत आला, आणि चपला बरोबर दिसल्यावर बिचाऱ्याचा चेहरा पडला.

आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितलं. तिसऱ्या दिवशी मी माझा एप्रन उलटा घातला.

मग त्याची रीतच पडली. सकाळी मागच्या छोट्या स्वयंपाकघरात चहा घेताना आम्ही तिघी मध्ये हात टाकायचो, कोणी उपडा, कोणी उताणा, लहानपणी राज्य ठरवताना टाकायचो तसा. जिचा हात वेगळा पडेल ती ढ. मुलांना सांगायचं नाही. त्यांनी शोधून काढायचं. ढ झालेली बाई नळ न उघडताच हात धुवायची, डबा उलटा धरून झाकण खालून शोधायची, वर्गाकडे पाठ करून बसायची आणि विचारायची, “आज कोणीच कसं आलं नाही?” चूक मात्र खरी वाटली पाहिजे. नाटक दिसलं की मुलं तोंड फिरवतात, त्यांच्याइतका कडक प्रेक्षक मी नाट्यगृहातही पाहिला नाही. पण चूक जमली की आनंदाचा जो गलका उठायचा! “सापडली! आज ढ सापडली!” मग सगळी मिळून तिला शिकवायची. ज्या मुलीला स्वतःचं बटण लावता येत नव्हतं ती मावशींचं बटण लावायला शिकली, आणि मग स्वतःचंही लावायला लागली. शर्ट उलटा घालणारा मुलगा मला बाही कुठली ते दाखवायचा. सकाळी दारात रडायला वेळ कोणाला होता? आत एक मोठं माणूस काहीतरी चुकत बसलं होतं, आणि ते दुसऱ्या कोणाला सापडायच्या आत आपण गाठायचं होतं.

मुलांचं झालं ते झालंच, पण आमचं काय झालं तेही सांगितलं पाहिजे. मी बाहेर दिवसभर शहाणी असते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये शहाणी, सुनेसमोर शहाणी, डॉक्टरसमोर तर डॉक्टरपेक्षा शहाणी. त्याने माणूस थकतं. उत्तनवाली एकदा चहाचा कप धुताना म्हणाली, “घरी मी दिस-रात शानी असते गो. औषध, जेवन, कपडे. हसायला कोन हाय मना? हितं येते म्हनून मी माणसात हाय.” हे तिने रडत सांगितलं नाही, कप धुता धुता सांगितलं. म्हणून माझ्या जास्त लक्षात राहिलं. बालवाडीचा पगार काय असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, दोन वाहनं बदलून कोणी पगारासाठी तिथे येत नाही.

मग बालवाडीच्या मालकांनी आमच्यावर मुख्य म्हणून नव्या मॅडम आणल्या.

त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, असं ठरवून मी लिहायला बसले आहे. वय असेल तीस-बत्तीस. शिकलेल्या, कामसू, सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या नंतर जाणाऱ्या. पण चूक या गोष्टीला त्या फार घाबरायच्या. स्वतःच्या सगळ्यात जास्त. फळ्यावर तारीख लिहून झाली की दोनदा मागे सरकून बघायच्या. हसताना तोंडावर हात. मालकांचा फोन आला की खुर्चीतून उभ्या राहायच्या, जणू मालकांना तिकडून दिसतंय. त्यांनी वर्गात कॅमेरे बसवले, आणि पालकांना ते मोबाइलवर बघता येतील अशी सोय केली. सोय चांगलीच होती. फक्त त्या कॅमेऱ्याला आवाज नव्हता.

आवाज नसताना आमचा वर्ग कसा दिसत असेल, ही कल्पना आम्हाला आली नाही. ती चूक आमचीच. एका दुपारी हाटकेश भागातल्या एका पालकाने ऑफिसात बसून मोबाइल उघडला. त्याला दिसलं ते असं: शिकवणारी बाई डोक्यावर मुलाचं दप्तर ठेवून टेबलाखाली रांगतेय, आणि वीस-पंचवीस मुलं तिच्याभोवती बोटं दाखवून नाचताहेत. खरं म्हणजे उत्तनवाली दप्तर शोधत होती आणि मुलं तिला सांगत होती की ते तुझ्या डोक्यावर आहे. पण ते ऐकू आल्याशिवाय कसं कळणार? त्याने त्याची क्लिप पालकांच्या ग्रुपवर टाकली, खाली लिहिलं, “टीचर खुद पागल जैसा कर रही है। बच्चे को पढ़ने भेजते हैं या सर्कस देखने?” संध्याकाळपर्यंत त्यावर अंगठे आणि रागावलेले चेहरे इतके जमले की मॅडमचा फोन बंद पडला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हाला बोलावलं. डोळे सुजलेले होते, मालकांनी रात्री चांगलंच झापलं असणार.

“हा जो काही प्रकार आहे तो आजपासून बंद,” त्या म्हणाल्या. मग उत्तनवालीकडे वळल्या. “टीचर, क्लिपमध्ये तुम्ही आहात. मालक तर कालच तुम्हाला काढायला सांगत होते. मी शब्द टाकून थांबवलंय. पण पुन्हा असं काही दिसलं, तर जूनपासून तुम्ही येऊ नका. माझा नाइलाज आहे.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार एवढ्यात उत्तनवालीने टेबलाखालून माझा हात घट्ट धरला. “न्हाय करणार मॅडम,” ती म्हणाली. म्हणून मी गप्प बसले, नाहीतर त्या दिवशी नवघरने एक भांडण बघितलं असतं.

त्यानंतर आम्ही तिघी शहाण्या झालो. एप्रन सरळ, चपला जोडीने, कविता तालात. मुलं मात्र सकाळी येऊन आमच्याभोवती फिरायची, आमची बटणं तपासायची, मावशींच्या साडीच्या निऱ्या मोजायची. काही सापडायचं नाही. मग ती उत्तनवालीकडे जायची, कारण ती सगळ्यांत भरवशाची ढ. ती मान खाली घालून ठोकळे लावत बसायची. एका मुलीने शेवटी मला गाठलंच.

“टीचर, आज ढ कौन है?”

“कोणीच नाही गं.”

“कल भी कोई नाही?”

“कल भी नाही.”

“मग आम्ही शिकवायचं कोणाला?”

मी तिला ठोकळे काढून दिले. दारातली रडारड हळूहळू परत आली, मार्च महिन्यात, जूनसारखी. मावशी म्हणाल्या, “पोरा कंटाललीत गो, दुसरा काय न्हाय.” उत्तनवाली यायची, शिकवायची. डबा खायची, बसला जायची. जूनमध्ये आपलं काय होणार या विचारात ती असायची, आणि तिला धीर द्यायला लागले की मलाच रडू यायचं.

शेवटी तो शनिवार आला. नव्या वर्षाच्या प्रवेशासाठी पालकांना वर्ग दाखवायचा होता. मालकांनी मॅडमना बजावलं होतं की वर्ग तुम्हीच घ्यायचा. वर्गाच्या मागच्या बाजूला खुर्च्या मांडल्या, नव्या टॉवरांतली जोडपी येऊन बसली. क्लिपवाले गृहस्थही होते, धाकट्या भावाच्या मुलीसाठी भाऊ-भावजयीला घेऊन आले होते. त्यांचा स्वतःचा मुलगा आमच्याच वर्गात, अंग चोरून बसणारा. आम्ही तिघी भिंतीला लागून उभ्या. मॅडमनी आम्हाला सकाळीच सांगितलं होतं, “प्लीज, आज काहीही नको.” आणि उत्तनवालीला वेगळं बाजूला घेऊन पुन्हा तेच.

मॅडम नवीन कडक स्टार्चची साडी नेसून आल्या. भीतीने त्यांना काही दिसत नव्हतं. त्या सँडल्स घालून वर्गात आल्या. आमच्याकडे वर्गात चप्पल चालत नाही, मालकसुद्धा बाहेर काढतात. मग “गुड मॉर्निंग” म्हणत त्यांनी फळांचं चित्र उचललं आणि पालकांकडे बघत उभं केलं ते उलटं. देठ खाली, फळं वर. बोट ठेवून त्या म्हणाल्या, “सांगा पाहू, हे काय आहे?”

मुलांनी सँडल्सकडे बघितलं. चित्राकडे बघितलं. मग एकमेकांकडे. पुढे काय होणार ते मला कळलं होतं आणि थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

“सापडली!” एक मुलगी किंचाळली. “आज मॅडम ढ!”

इतक्या दिवसांची उपाशी मुलं. सगळी उठली आणि मॅडमवर तुटून पडली. “मॅडम, चप्पल बाहर!” “मॅडम, हे उलटं आहे!” “ऐसे पकडने का!” दोघं सँडलचा पट्टा सोडवायला बसली, तिघांनी चित्र काढून घेऊन सरळ केलं, एकीने साडीचा पदर सावरून दिला. मागे खुर्च्यांवर कोणीतरी हसलं. ते हसणं चांगलं नव्हतं. मॅडमचा चेहरा आधी लाल, मग पांढरा झाला. डोळ्यांत पाणी भरलं. त्या आमच्याकडे बघत होत्या, आणि एवढ्या लोकांसमोर एखादं माणूस इतकं एकटं पडलेलं मी फार दिवसांत बघितलं नव्हतं. आता त्या ओरडणार, मुलं घाबरणार, पालक उठणार, एवढं मला स्पष्ट दिसलं.

आणि उत्तनवाली भिंतीपासून सुटली.

मी तिचा पदर धरायला गेले, हाती आला नाही. तिने कोपऱ्यातली प्लास्टिकची छोटी खुर्ची उचलली, डोक्यावर उलटी घातली, चारही पाय वर, आणि कॅमेऱ्याच्या बरोबर समोर येऊन उभी राहिली.

“माझी खुर्ची कुनी बघितली काय?” ती मोठ्याने म्हणाली. “मना बसायचं हाय!”

क्षणभर मुलांना कळेना कोणाकडे धावावं. मग जो आरडाओरडा झाला तो इस्त्रीवाल्याने बाहेर येऊन बघितला. “दोन! आज दोन ढ!” आता हसत होती ती मुलं, आणि त्यांच्यामागून पालकही, आणि या वेळचं हसणं वेगळं होतं. मी काय विचार करणार? एप्रन काढला, पाठीवर बांधला आणि मावशींना विचारलं, “माझं पोट कुठे गेलं?” मावशींनी पाण्याचा तांब्या उपडा धरून मला पाणी प्यायला दिलं. “तीन! चार!” मुलं उड्या मारत होती.

मॅडम मधोमध अनवाणी उभ्या. क्लिपवाल्या गृहस्थांचा तो अंग चोरणारा मुलगा त्यांच्यापुढे येऊन थांबला. त्याने त्यांचं बोट धरलं आणि हळू आवाजात सांगितलं, “मॅडम, सँडल को हाथ लगाया ना? हात धुवायचे.”

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. आणि मग, तोंडावर हात न घेता, विचारलं, “साबण कुठे असतो रे?”

साबण कुठे असतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. तो त्यांनीच आणून ठेवला होता. पोरगा त्यांना नळापाशी घेऊन गेला. त्यांनी नळ न उघडता हात पुढे धरले. ही अक्कल त्यांना कोणी दिली देव जाणे. पोराने खास मोठ्या माणसासारखा सुस्कारा टाकला आणि नळ उघडून दिला. मग साबण कसा लावायचा, बोटांच्या मध्ये कसं चोळायचं, हे त्याने सगळं नीट सांगितलं, मागे बसलेल्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

त्याचे वडील उठून माझ्याजवळ आले होते. “ये घर पे तो बोलता ही नहीं इतना,” ते म्हणाले. “ये रोज होता है क्या?”

“रोज होत होतं,” मी म्हटलं. “तुम्ही बंद पाडलंत.”

हे वाक्य म्हणायला मिळालं, याचा आनंद मी लपवणार नाही. त्यांनी खिशातला मोबाइल काढून तो खिशातच परत ठेवला, आणि शेवटपर्यंत मुलाकडे बघत उभे राहिले. त्यांच्या भावजयीने तर तिथेच मला विचारलं की जूनमध्ये पहिल्या दिवशी ह्या खुर्चीवाल्या टीचरच असतील ना.

ते मी उत्तनवालीला सांगायला गेले, तर ती स्वयंपाकघरात पिशवी भरत होती. तिचा कप, तिचा नॅपकिन, फडताळात ठेवलेली जुनी चप्पल. पालक अजून बाहेर पडलेही नव्हते. मॅडम दारात आल्या. पाय ओले, साडीचा स्टार्च साबणाच्या पाण्याने पुरता गेलेला.

“मॅडम, बोललेलं मी मोडलं,” उत्तनवाली त्यांच्याकडे न बघता म्हणाली. “कॅमेऱ्यात पन आलंय. तुमाला तरास नको. जाते मी.”

“कॅमेऱ्यात मी पण आहे,” मॅडम म्हणाल्या. “आणि तुम्ही का आलात पुढे, ते मला कळलंय, टीचर. ते मालकांना मी सांगीन. काय म्हणायचं ते मला म्हणतील.” त्यांनी साडीच्या पदराने हात पुसले. “जूनमध्ये पंचवीस मुलं रडत येतील. त्यांना मी एकटी ढ किती दिवस पुरणार?”

उत्तनवालीने पिशवी खाली ठेवली. मावशींनी तोंडात बोटं घालून शिट्टी मारली, त्यांना शिट्टी येते हे आम्हाला तेव्हा कळलं. मी मॅडमना म्हटलं, “आम्ही जिंकलो,” अगदी त्यांच्या तोंडावर. त्या म्हणाल्या, “हो, जिंकलात,” आणि खळखळून हसल्या.